आंद्रियाचं जावळ

रविवार, १ ऑक्टोबर १९७८
श्टुटगार्ट

संघटनेच्या माणसाने काहीही लिहून ठेवू नये, हा आमचा पहिला नियम. नव्या पोरांना तो मीच शिकवतो, वर दोन शिव्याही हासडतो. तरी आज साखर आणायला गेलो आणि ही वही घेऊन आलो.

मायदेशी तुरुंगात त्यांनी माझ्याकडून सात वेळा जबाब लिहून घेतला होता. लग्नात बंदी असलेलं गाणं म्हटलं, एवढाच माझा गुन्हा. पण सातव्या जबाबापर्यंत मी माझ्याच हाताने अख्खं बंड रचून दिलं होतं. त्यात नावंही घातली. तेव्हापासून माझं अक्षर मलाच खोटं वाटतं. छत्तीस वर्षांचा झालो, आता एक तरी वही खरी लिहावी. ठेवणार हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली. बायको यान्या तिकडे कधी फिरकत नाही.

आज प्रार्थनेनंतर चर्चमागच्या हॉलमध्ये चिटणिसांनी मला बाजूला घेतलं. फ्रानो बेकावाच, आमच्या संघटनेचे इथले चिटणीस. पत्रक तेच छापतात, हुकूमही तेच देतात. म्हणाले, "विंको, आपल्यात बेलग्रेडचा माणूस आहे." म्हणजे युगोस्लाव सरकारचा हेर, आमच्या शत्रूचा.

जुलैत आमची दोन पोरं सीमा ओलांडून आत गेली आणि जंगलातून बाहेर पडायच्या आधीच पकडली गेली. कुठून आणि कधी जाणार हे तिघांनाच ठाऊक होतं. चिटणीस, मी आणि येर्को.

"मी नाही," चिटणीस म्हणाले. "तू नाहीस."

एवढं म्हणून ते कॉफीच्या किटलीकडे वळले. माझ्या हातातली कॉफी गार झाली.

येर्को माझ्या गावचा. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच रात्री ऑस्ट्रियात उतरलो. माझा पाय मुरगळला होता, त्याने मला पाठीवर घेतलं होतं, आणि वाटभर माझ्या वजनावरून माझ्या आईला नावं ठेवत होता.

आज आमच्या मुलाचं, आंद्रियाचं, जावळ व्हायचं होतं, ते राहिलं. यान्याने पाव भाजला होता, नवी कात्री आणली होती. चिटणीस कात्री चालवणार आणि आमचे कूम होणार, हे उन्हाळ्यातच ठरलंय. आमच्याकडे पोराचं जावळ काढणारा तो घराचा कूम. सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं, कूमवर मात्र हात उगारता येत नाही, आणि कूमही आपल्यावर उगारत नाही. माझ्या आजोबांच्या काळात शेजारच्या घराशी वैर होऊन तीन मुडदे पडले होते. चौथा पडू नये म्हणून आजोबांनी माझ्या तान्ह्या बापाला उचललं आणि वैऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं, हातात कात्री दिली. तिथेच वैर संपलं. पुढे दोन्ही घरं एकमेकांचं गवत कापायला जायची.

पण चिटणिसांचं मनगट दुखतंय. पुढच्या रविवारी बघू म्हणाले. एवढं दुखत असूनही त्यांनी त्याच हाताने आम्हा सगळ्यांना किटलीतली कॉफी ओतली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. माणूस मोठा आहे.

बुधवार, ४ ऑक्टोबर

येर्को जेवायला आला. बुधवारी येतोच. दारातूनच ओरडला, "यान्या, तुझा नवरा फाउंड्रीत वितळला का अजून शिल्लक आहे?"

मी त्याच्याकडे नीट बघत बसलो. बारा वर्षांत कधी बघितलं नव्हतं असं. त्याच्या आईला या वर्षी पासपोर्ट मिळाला, इतकी वर्षं का मिळत नव्हता? सप्टेंबरपासून तो सभांना मागे बसतो. चिटणिसांना तोंडावर प्रश्न विचारतो. मागे एकदा म्हणाला होता, "आपल्याकडून जो आत जातो तो थेट तुरुंगात जातो. आपण सेना आहोत का टपालखातं?" तेव्हा मी हसलो होतो. आज हसू येत नाही.

आंद्रिया त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढत होता.

"याचे केस डोळ्यांत जातायत," येर्को म्हणाला. "कापत का नाही तुम्ही?"

"चिटणीस कापणार आहेत," मी म्हटलं.

"हो का?" म्हणाला, आणि ताटात बघून जेवायला लागला. नंतर बराच वेळ त्याने एकही थट्टा केली नाही. हेही मी टिपून ठेवतोय.

रविवार, ८ ऑक्टोबर

चिटणिसांनी मला छापखान्यात नेलं. छापखाना म्हणजे मालधक्क्यामागचं एक गॅरेज, त्यात जुनं यंत्र. मला एक फोटो दाखवला. एका कॅफेबाहेर दोन माणसं, एक वकिलातीतला, असं ते म्हणाले. दुसरा पाठमोरा. उंची येर्कोचीच. टोपी तशी आम्हा सगळ्यांकडेच आहे.

"खात्री आहे?" मी विचारलं.

"माझ्या आईच्या थडग्याची शपथ. त्याच्यापायी दोन आयांची पोरं आत सडतायत, विंको. तुझ्या मुलाला उद्या काय सांगशील?"

मग त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. बावीस तारखेला रविवार आहे, दर वर्षीसारखे आम्ही जंगलात चेस्टनट वेचायला जाणार. या वेळी मी आणि येर्को, दोघंच जायचं.

"मीच का?"

"तुझ्याबरोबर तो पाठ फिरवून चालेल. दुसऱ्या कुणाबरोबर नाही चालणार."

मी टॉवेल उचलला. नाही म्हणता आलं नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की गद्दाराला एकच शिक्षा असते. आता माझ्यावर वेळ आली म्हणून तोंड फिरवू?

जावळाचं विचारलं. "हे काम होऊ दे," चिटणीस म्हणाले. "मग मोकळ्या मनाने करू." खरं आहे. असल्या दिवसांत शुभकार्य नको.

आज खरं लिहायचंच आहे तर तेही लिहितो. चार वर्षांपूर्वी पहाटे युगोस्लाव प्रवासी कचेरीच्या दारात मी बाँब ठेवला. आत कुणी नसेल असं चिटणिसांनी सांगितलं होतं. एक सफाईवाली बाई होती. तिची तीन बोटं गेली. बाई झागोर्येची होती, म्हणजे आमच्यातलीच. आमच्या पत्रकात छापून आलं, "शत्रूचा एक दरवाजा उद्ध्वस्त." मी ते पत्रक वाटलं. बाईचं नाव मला आजही माहीत नाही, मी विचारलंच नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर

येर्को आला होता. डोकं दुखतंय म्हणून मी पडून राहिलो. भिंतीपलीकडे तो आणि यान्या हळू आवाजात बोलत होते. मी स्वयंपाकघरात गेलो तर दोघं कोबीबद्दल बोलायला लागले.

यान्याने हिवाळ्याचा कोबी आंबवायला घातलाय. पिंपाच्या झाकणावर दाब द्यायला इथे नदीतला दगड कुठून आणायचा? तिने माझी हत्यारांची पेटीच वर ठेवून दिली. आता वही काढायची तर पिंपापाशी जावं लागतं. पानांना आंबूस वास येतोय. आणि वही पेटीत उलटी कशी होते कळत नाही. पेटी हलवताना होत असेल.

टॉवेल कपाटावर, सुटकेसच्या मागे ठेवलाय.

रविवार, १५ ऑक्टोबर

यान्याने पुन्हा पाव भाजला. मला न विचारता चिटणिसांना निरोपही धाडला होता. ते आलेच नाहीत, म्युनिकला गेले असं कळलं. दुपारी मी छापखान्यावरून गेलो तर आत यंत्र चालू होतं. दुसरा कुणीतरी छापत असेल.

घरी आलो तर यान्या पावाचा तुकडा आंद्रियाच्या हातात देत होती. म्हणाली, "तिसऱ्यांदा, विंको."

"काय तिसऱ्यांदा?"

"काही नाही. पाव तिसऱ्यांदा भाजला, एवढंच. मऊ आहे, खा."

ती माझ्याकडे अशी बघते की मला वाटतं कपाळावर काही लिहिलंय.

सोमवार, १६ ऑक्टोबर

रोममध्ये पोलंडचा माणूस पोप झाला! स्लाव पोप! फाउंड्रीत आमची सगळी पोरं टोप्या उडवत होती. फोरमन विचारायला लागला की फुटबॉलमध्ये कोण जिंकलं. रात्री येर्को राकियाची बाटली घेऊन आला. चर्चमध्ये खांबाला टेकून झोपणारा हा माणूस आज गुडघ्यावर बसला आणि रडला. म्हणाला, "विंको, आपण जिवंतपणी घरी जाऊ रे. आता जाऊ."

मीही रडलो. तो समजला आनंदाने.

सहा दिवस उरलेत.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज अक्षर कसंही येवो, लिहितोच.

पाळी संपवून घरी आलो. टेबलावर पांढरं फडकं, मीठ, पाव, पाण्याचा वाडगा. वाडग्यात माझ्या पोराचे सोनेरी केस तरंगत होते. आंद्रियाच्या अंगात नवा सदरा. येर्को खुर्चीत बसलेला, मांडीवर आंद्रिया, हातात कात्री. आणि समोर शेजारची म्हातारी कुमारी मारा, साक्षीला.

"हे काय चाललंय?"

"झालं," यान्या म्हणाली. "पोराच्या डोळ्यात केस जाऊन डोळा लाल झाला होता. किती वाट बघायची? येर्को आला, कात्री घरात होती."

"चिटणिसांना शब्द दिला होता मी!"

"त्यांनी तीनदा मोडला, आपण एकदा."

येर्को उठून उभा राहिला. चेहरा पडला होता. "मला वाटलं तुला ठाऊक आहे. यान्या म्हणाली की विंकोनेच सांगितलंय. तुला नको असेल तर..."

नको असेल तर काय? कापलेले केस परत चिकटवणार? म्हातारीने साक्ष दिली, पाव मोडला गेला, मीठ चाखलं गेलं. मी काही बोललो असतो तर माझ्या आजोबांनी थडग्यातून उठून माझ्या तोंडात मारलं असतं. मी दोन्ही हात पसरले, त्याला मिठीत घेतलं, गालांवर तीनदा ओठ टेकवले. "कूम," तो म्हणाला. "कूम," मी म्हणालो. माझा आवाज माझाच वाटला नाही. त्याने एक बट रुमालात बांधून खिशात ठेवली, ती रीतच आहे.

तो गेल्यावर मी यान्यावर इतका ओरडलो की खालच्या जर्मन बाईने छताला झाडू ठोकला. यान्या शांतपणे वाडगा धूत होती.

"तू काय केलंस हे तुला माहीत नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कुठलं माहीत असणार? मी फक्त कोबी घालते."

बायकांना राजकारणातलं काही कळत नाही. एका कात्रीने तिने माझे हात बांधून टाकले आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर

गेलो होतो. पिस्तूल कोटाच्या आत. दोघंच.

खरं लिहायचं. मनात मी वाट शोधत होतो. जावळ मला न विचारता झालं, म्हणजे ते खरं नाही. कूमच गद्दार असेल तर देवही बघून घेईल. फादरना नंतर विचारू. असले विचार करत त्याच्या मागून चालत होतो. चिटणीस म्हणाले होते तसंच झालं, तो पाठ फिरवून चालत होता. वाकून चेस्टनट वेचायचा, काटेरी टरफल बुटाने फोडायचा, सगळ्यात मोठा दाणा वेगळ्या खिशात टाकायचा.

"ते कुणाला?" मी विचारलं.

"आंद्रियाला. दात आलेत ना त्याला? यान्या उकडून कुस्करून देईल."

मी एका झाडाला टेकून उभा राहिलो. तो वळला.

"एक सांगू का, कूम?" म्हणाला. "आधी सांगितलं नाही, कारण तू मला ठोकलं असतंस. सप्टेंबरात चिटणिसांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, 'बेलग्रेडचा माणूस विंको आहे.' मी म्हटलं, पुरावा दाखवा. एक फोटो दाखवला. कुणाची तरी पाठ. मी म्हटलं, अशी पाठ माझ्या मेव्हण्याची पण आहे. तेव्हापासून ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत."

पकडला गेलेला माणूस हेच म्हणेल. चिटणिसांनी मला आधीच सांगितलं होतं की तो उलटा आरोप करेल. पण मला आता विचार करता येत नव्हता. मी फक्त त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघत होतो.

दोन पिशव्या चेस्टनट घेऊन आलो. पिस्तूल पुन्हा कपाटावर. यान्याने दार उघडलं, आधी माझ्या मागे बघितलं, येर्को जिना चढताना दिसला तशी भिंतीला टेकून खालीच बसली. म्हणाली, चक्कर आली. सध्या ती नीट जेवत नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

चिटणिसांना सांगून टाकलं. वाटलं होतं, गद्दार म्हणतील. पण ते शांत राहिले.

"का नाही जमलं?"

"तो कूम झालाय. त्याने जावळ काढलं."

बराच वेळ ते यंत्राचा रूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "यान्या हुशार आहे." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. रीत ती रीत. पिस्तूल तेवढं परत आण. गुरुवारी साडेसहाला, इथेच. गोळ्या काढून आण, रस्त्यात पोलीस असतात. एकटा ये. आणि यान्याला उगीच काही सांगू नकोस."

सुटलो! घरी येताना शिट्टी वाजवत आलो. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. माणसाची परीक्षा अशाच वेळी होते, आणि चिटणीस तीत उतरले.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

पावणेसात वाजले. मी घरीच आहे.

सहाला निघायला लागलो तर बूट नाहीत. दोन्ही जोड नाहीत. यान्या स्वयंपाकघराच्या दारात आंद्रियाला घेऊन उभी होती. तिने वाकून पिंपावरची पेटी उघडली, पाने बाजूला केले आणि ही वही माझ्यापुढे टेबलावर टाकली.

"लिहितोस चांगलं," म्हणाली. "डोळे मात्र घरी ठेवून लिहितोस."

मी तोंड उघडलं.

"गप्प बैस. आता मी बोलणार. तीनदा बोलावलं त्या माणसाला. मनगट दुखलं, काम होऊ दे, म्युनिकला गेला. कूम व्हायला एवढं कोण घाबरतं, विंको? ज्याला तुझ्यावर हात टाकायचाय तो! आईच्या थडग्याची शपथ खोटी घेता येते त्याला, पण कात्री हातात घ्यायची छाती होत नाही. त्यालाही कुणा आजोबाने वाढवलंय. आणि तू? गोळ्या काढून निघालास!"

मी बसलो. सगळं आधीच या वहीत होतं, माझ्याच अक्षरात. तिघांनाच ठाऊक असलेली वाट. किटली. चालू यंत्र. फोटोतली पाठ. मी एकेक पान लिहिलं आणि एकही वाचलं नाही.

"येर्को कुठाय?" मी विचारलं.

यान्याने आंद्रियाला घट्ट धरलं. "मी दुपारी त्याच्याकडे गेले होते. त्याला सगळं सांगितलं. पिस्तुलाचंही. तो हसला रे. म्हणाला, 'म्हणून तो माझ्या मागून बैलासारखा धापा टाकत होता.' मग म्हणाला, 'मी लांबून बघून येतो, गॅरेजात कोण कोण आहे ते. कूमचं काम आहे.' मी म्हटलं, फक्त बघून ये. फक्त बघून ये म्हटलं, विंको."

सात वाजले.

तिने बूट काढून दिले. मी गोळ्या भरतोय. ती आता अडवत नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गावच्या थडग्यांवर जाता येत नाही म्हणून आम्ही सगळे इथल्या स्मशानातल्या मोठ्या क्रॉसपाशी मेणबत्त्या लावतो. या वर्षी आमचं इथे स्वतःचं थडगं आहे.

मी पोहोचलो तेव्हा गॅरेजला कुलूप होतं. येर्को मालधक्क्याच्या कुंपणापाशी पडलेला. मी त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. तो फार जड नव्हता.

आज चिटणिसांनी थडग्यापाशी भाषण केलं. बेलग्रेडच्या हातांबद्दल, रक्ताबद्दल, सूडाबद्दल. मग लोकांमधून वाट काढत आले आणि माझा हात हातात घेतला. मनगट आता बरं दिसतंय. म्हणाले, "त्या दिवशी तू आला नाहीस."

"पोराला ताप होता," मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघितलं. यान्या माझ्या शेजारी आंद्रियाला कडेवर घेऊन उभी होती. आंद्रियाने हात पुढे केला तसे ते दोन पावलं मागे सरले.

परवा जर्मन इन्स्पेक्टरने मला बोलावलं होतं. तरुण आहे, सर्दी झालेला. त्याने येर्कोच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. टोपी, किल्ली, एक चेस्टनट, रुमाल. रुमाल उलगडून म्हणाला, "हे केस कुणाचे?"

"माझ्या मुलाचे."

"मग याच्या खिशात कसे? हा तुमचा कोण?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण लिहिलं काहीच नाही. मग कागद माझ्याकडे सरकवला. जे माहीत आहे ते लिहून द्या, म्हणाला. कोरा कागद आणि पेन बघून माझ्या हाताला घाम फुटला, तुरुंगात जबाब लिहिताना फुटायचा तसाच. शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

दोन दिवस यान्या आणि मी भांडलो नाही, फार बोललोही नाही. मी तुरुंगात जाईन हे तिला माहीत आहे. पिस्तूल आहे, दोन पोरांना आत धाडलं ते आहे, बाईची तीन बोटं आहेत. चिटणिसांची माणसं बाहेरच असतील हेही तिला माहीत आहे. ती आंद्रियाला घेऊन ऑस्ट्रियात बहिणीकडे जाईल. मी म्हटलं, आठ तारखेचं पान फाडू का, बाईचं? निदान तेवढी शिक्षा टळेल. ती माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. दोऱ्याचं टोक दातांनी तोडून म्हणाली, "मग आठवा जबाब म्हण त्याला."

फाडलं नाही.

उद्या सकाळी नऊला जायचंय. टॉवेलमधली वस्तू बरोबर घेईन. इन्स्पेक्टर पुन्हा कोरा कागद पुढे करेल. मी त्याला सांगणार आहे की कागद नको, लिहून झालंय. कोबीचा वास येतो, तेवढा सहन करा.